पेरिक्लिस खरा नेता होता का? सॉक्रेटिसची कसोटी आणि तिच्यावरचे आक्षेप

मूळ लेख : आम्रपर्ण

अथेन्सच्या लोकांनी पेरिक्लिसला ओळीने १५ वर्षे सेनापती म्हणून निवडून दिले. पार्थेनॉन त्याच्याच काळात उभे राहिले, आरमाराचा दरारा एजियन समुद्रभर पसरला आणि आजही अथेन्सचे सुवर्णयुग म्हटले की त्याचेच नाव आधी तोंडी येते. प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादात मात्र सॉक्रेटिस या माणसाला खरा नेता मानायला साफ नकार देतो. त्यासाठी तो जी कसोटी लावतो, तिची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

त्याच्या मते नेत्याने शहराला काय मिळवून दिले हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या हाताखाली नागरिक माणूस म्हणून सुधारले की बिघडले, हे आधी पाहावे. थेमिस्टोक्लिस, किमॉन, मिल्टियाडीज आणि पेरिक्लिस या चौघांनी शहराला बंदरे, गोद्या, तटबंदी आणि मांडलिक शहरांची खंडणी मिळवून दिली, हे सॉक्रेटिसला मान्यच आहे. लोकांच्या इच्छा पुरवण्यात ते नंतरच्या पुढाऱ्यांपेक्षा अधिक तरबेज होते, असेही तो म्हणतो. परंतु संयम आणि न्याय यांची जोड नसताना दिलेले हे वैभव म्हणजे सूज आहे आणि अथेन्सवासी तिलाच बाळसे समजत आहेत, असे त्याचे निदान आहे.

याच संवादात वैद्य आणि आचारी यांचा दाखला येतो. लहान मुलांच्या न्यायालयात वैद्यावर खटला भरला गेला आणि फिर्यादी आचारी असला, तर निकाल काय लागेल? हा माणूस तुम्हाला कडू काढे पाजतो, उपाशी ठेवतो, कापतो आणि डागतो, मी मात्र तुम्हाला नाना प्रकारचे गोडधोड खाऊ घालतो, असे आचारी सांगेल. आणि हे सारे मी तुमच्या प्रकृतीसाठीच केले, असे वैद्याने म्हणताच ती मुले एकच गिल्ला करतील. खोटे नेतृत्व लोकप्रिय का होते आणि खरे नेतृत्व बहुधा एकटे का पडते, याचे यापेक्षा नेमके चित्र मला अन्यत्र आढळलेले नाही.

सॉक्रेटिसने ही कसोटी स्वतःलाही लावून घेतली होती. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाचा पराभव केला. पण वादळामुळे बुडणाऱ्या जहाजांवरील खलाशांना वाचवता आले नाही. विजयी सेनापतींवरच खटला उभा राहिला. आपण पिठाच्या पिंपाला धरून तरलो आणि सेनापतींनी आम्हाला वाचवले नाही हे लोकांना सांग, असा निरोप बुडणाऱ्यांनी आपल्याला दिला, असे सांगणारा एक माणूस सभेपुढे आला, तेव्हा सभेचा तोल गेला. आठही सेनापतींचा निवाडा एकाच मतदानाने करावा, असा बेकायदा ठराव मांडण्यात आला. त्या दिवशी अध्यक्षमंडळात बसलेल्या सॉक्रेटिसने तो ठराव मतास टाकण्यास नकार दिला. बाकीचे सदस्य धमक्यांपुढे नमले. हाती सापडलेल्या सहा सेनापतींना देहदंड झाला आणि त्यांत पेरिक्लिसचा मुलगाही होता.

दुसरी बाजू ज्ञानाची. प्लेटोचा भाऊ ग्लॉकॉन वीस वर्षांचाही नव्हता, तेव्हापासून त्याला लोकसभेत भाषणे करून पुढारी होण्याचा ध्यास लागला होता. सॉक्रेटिसने त्याला विचारलेले प्रश्न सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने नोंदवले आहेत: राज्याचे उत्पन्न किती आणि कशाकशातून, खर्च किती, सैन्यबळ किती, सीमेवरच्या चौक्यांपैकी कोणत्या कामाच्या, आपल्या भूमीत पिकणारे धान्य शहराला किती दिवस पुरते? ग्लॉकॉनला एकाचेही धड उत्तर देता आले नाही. चांदीच्या खाणींकडे तर तो कधी फिरकलाही नव्हता. मग सॉक्रेटिस त्याला सुचवतो की अख्ख्या शहराची घरे सांभाळण्याआधी निदान आपल्या मामाचे घर सावरून दाखव. ग्लॉकॉन सांगतो की मामा माझे ऐकत नाही. त्यावर सॉक्रेटिस विचारतो की एका मामाला पटवता येत नसेल, तर मामासकट सारे अथेन्स कसे पटणार?

कामाचे तपशीलवार ज्ञान आणि लोकांची नाराजी पत्करण्याची तयारी या दोन गोष्टी ज्याच्याकडे नाहीत, तो कितीही निवडणुका जिंकला तरी खोटा नेता, असे माझे मत आहे. पेरिक्लिसकडे पहिली गोष्ट नक्कीच होती. दुसरीबद्दल सॉक्रेटिसची शंका मला रास्त वाटते.

प्रतिसाद : खलाशी

आर्गिनुसीच्या खटल्यातली अर्धीच हकिगत आपण दिली आहे, आणि उरलेली अर्धी आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते.

सॉक्रेटिसने नकार दिला हे थोरच. पण सेनापतींना वाचवण्याचा खरा प्रयत्न केला तो युरिप्टोलेमस नावाच्या वक्त्याने, ज्याची तत्त्ववेत्त्यांत गणना होत नाही. त्याने सभेला न दुखावता, प्रचलित कायद्याचा आधार घेऊन, प्रत्येक आरोपीचा स्वतंत्र खटला चालवावा असा पर्यायी ठराव मांडला. हात वर करून मतदान झाले, तेव्हा प्रथम त्याचाच ठराव मंजूर झाला होता. एका सदस्याने हरकत घेतली, फेरमतदान झाले आणि मग पारडे फिरले. म्हणजे त्या दिवशी सहा माणसांचे प्राण ज्या कलेने जवळजवळ वाचले होते, ती कला तीच, जिला 'गॉर्जियास'मधला सॉक्रेटिस आचाऱ्याची खुशामत म्हणून हिणवतो.

मिटिलिनीचे उदाहरण याहून बोलके आहे. इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या त्या शहरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे, असा ठराव क्लिऑन या पुढाऱ्याच्या आग्रहाने मंजूर झाला आणि हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनात कालवाकालव सुरू झाली, पुन्हा सभा भरली आणि डिओडोटस नावाच्या माणसाने अगदी थोड्या मतांच्या फरकाने तो ठराव फिरवला. दुसरे जहाज पहिल्याच्या मागे एक दिवस आणि एक रात्र होते. वल्हवणाऱ्यांनी वल्ही न सोडता दारू आणि तेल यांत कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, आळीपाळीने झोप घेतली आणि हुकूम वाचून झाला असतानाच ते जहाज पोहोचले. बंडाला जबाबदार ठरवलेल्यांना नंतर देहदंड झालाच, पण शहर वाचले.

आता डिओडोटसने काय सांगून लोकांना वळवले, ते पाहा. त्याने दयेची किंवा न्यायाची याचना केली नाही. या कत्तलीत अथेन्सचाच तोटा आहे, एवढेच तो सांगत राहिला. शहराची हवा अशी झाली आहे की चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास मिळवण्यासाठी खोटे बोलावे लागते, असेही तो त्या भाषणात उघडपणे म्हणतो. आपल्या कसोटीवर हा माणूस खोटा नेता ठरतो, कारण त्याने कोणालाही अधिक न्यायी केले नाही. मिटिलिनीतील एखाद्या आईला आपण हे कसे समजावून सांगाल?

उत्तर : आम्रपर्ण

आपला प्रश्न बोचणारा आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. त्या एका दिवसापुरता डिओडोटस विजयी झाला, हे उघड आहे. परंतु लोकांना न्यायाच्या नावाने हाक मारण्याची सोयच सभेत उरली नव्हती, म्हणून त्याला हिताची भाषा वापरावी लागली, आणि ती सोय नाहीशी करण्यात साम्राज्याच्या खंडणीवर लोकांना पोसणाऱ्या आधीच्या पिढीचा वाटा होता. सॉक्रेटिसचा आरोप नेमका हाच आहे. पुढे इ.स.पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावर असाच प्रसंग आला. तिथल्या हाती सापडलेल्या पुरुषांची कत्तल झाली, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली आणि मागून कोणतेही दुसरे जहाज निघाले नाही. हिताचे गणित एकदा मिटिलिनीच्या बाजूने सुटले, दुसऱ्यांदा मेलॉसच्या विरुद्ध सुटले.

शिवाय 'गॉर्जियास'मध्ये वक्तृत्वाला सरसकट झिडकारलेले नाही. नागरिकांची मने चांगली व्हावीत म्हणून, ऐकणाऱ्यांना गोड लागो वा न लागो, हितकर तेच बोलणारे वक्तृत्व सॉक्रेटिसला मान्य आहे. असे वक्तृत्व तू कधी पाहिले आहेस का, एवढेच तो संवादात आपल्याशी वाद घालणाऱ्या कॅलिक्लिसला विचारतो.

प्रतिसाद : माळरान

पेरिक्लिसवर इथे अन्याय होत आहे.

लोकांनी नंतर पेरिक्लिसवरच आरोप ठेवला, यावरून त्याने त्यांना बिघडवले असे सॉक्रेटिस ठरवतो आणि त्यासाठी जनावरे सांभाळणाऱ्याचा दाखला देतो: गरीब स्वभावाची जनावरे ताब्यात घेऊन ती लाथाळ करून सोडणारा राखणदार कसला? हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. नागरिक ही कोणाच्या दावणीची जनावरे नव्हेत. इ.स.पू. ४३० मध्ये साथीत माणसे मरत असताना, शेते शत्रूच्या हाती गेलेली असताना त्यांनी आपल्या सेनापतीला जाब विचारला आणि दंड केला. नंतर शांत झाल्यावर पुन्हा निवडून दिले. यात मला बिघाड दिसत नाही. ज्या शहरात पहिल्या क्रमांकाच्या माणसालाही दंड होऊ शकतो, ते शहर निरोगी आहे.

न्यायालयात बसणाऱ्यांना भत्ता देऊन पेरिक्लिसने लोकांना आळशी, भित्रे, वाचाळ आणि पैशाचे लोभी केले, असा दुसरा आरोप त्या संवादात येतो. हा आरोप कोणत्या घरांतून येत होता, हेही पाहिले पाहिजे. ज्याची जमीन आहे, ज्याचे गुलाम कामाला आहेत, त्याला दिवसभर न्यायदानाला बसणे परवडते. हातावर पोट असलेल्या कुंभाराचा किंवा वल्हेकऱ्याचा तो दिवस बुडतो. भत्त्यामुळे तो प्रथमच न्यायासनावर बसू शकला. एखाद्या नेत्याने गरीब माणसाला न्याय करण्याची संधी दिली, तर त्याने त्याला अधिक चांगले केले की वाईट?

त्या काळाचा इतिहासकार थ्यूसिडिडीज याचा निर्वाळा तर सर्वांना ठाऊक असेल. पेरिक्लिस लोकांच्या मागे गेला नाही, त्याने लोकांना आपल्या मागे नेले. ते उन्मत्त झाले की तो त्यांना धाकात आणी, धीर खचला की उभारी देई. त्याच्यानंतरचे पुढारी एकमेकांच्या बरोबरीचे होते आणि प्रत्येकाला पहिले व्हायचे होते, म्हणून त्यांनी कारभार लोकांच्या लहरीवर सोडला. लोकांची नाराजी पत्करण्याची तयारी ही आपलीच अट असेल, तर ती पूर्ण करणारा याहून स्पष्ट दाखला अथेन्समध्ये सापडणे कठीण आहे. ॲरिस्टॉटललाही व्यवहारातल्या शहाणपणाचे उदाहरण हवे होते, तेव्हा त्याने सॉक्रेटिसचे नाव घेतले नाही, पेरिक्लिसचे घेतले. आपले आणि इतरांचे भले कशात आहे हे अशा माणसांना दिसते, म्हणून लोक त्यांना शहाणे मानतात, असे तो लिहितो. प्लेटोच्या हाताखाली वीस वर्षे शिकलेल्या माणसाने हे लिहिले आहे.

प्रतिसाद : शुक्रचांदणी

माझा आक्षेप अधिक मुळाशी आहे. वैद्याच्या दाखल्यात नागरिकांना लहान मुले ठरवले, तिथेच निकाल लागून गेला. पुढचे सारे त्यातून आपोआप येते. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या खंडात स्वयंपाकघरातलाच दाखला घेतो आणि उलट दिशेने नेतो. घर कसे बांधले आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळते, सुकाणूची पारख सुतारापेक्षा सुकाणू धरणाऱ्याला असते आणि मेजवानी कशी झाली हे आचाऱ्याने सांगायचे नसते, पंगतीला बसलेल्याने सांगायचे असते. नागरिक पंगतीला बसलेले आहेत. राज्य त्यांच्या अंगावर येते, म्हणून त्याचा न्याय करण्याचा अधिकार त्यांचा.

प्लेटोच्याच दुसऱ्या एका संवादात प्रोटागोरस या सोफिस्ट शिक्षकाने तर याआधीच उत्तर देऊन ठेवले होते. जहाज बांधायचे असेल तर सभा जहाजबांधणी जाणणाऱ्यालाच बोलू देते आणि इतरांना हुसकावून लावते, पण राज्यकारभाराचा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, कोणीही उठून सल्ला देतो, असे सॉक्रेटिस त्याला सुनावतो. प्रोटागोरसचे म्हणणे असे की हे योग्यच आहे, कारण लाज आणि न्यायबुद्धी या दोन गोष्टी झ्यूसने वैद्यकीसारख्या मोजक्या लोकांना दिल्या नाहीत, सर्वांना दिल्या. त्या थोड्यांनाच मिळाल्या असत्या, तर शहरे वसलीच नसती.

आणि 'आम्ही जाणते, म्हणून आम्ही खरे नेते' या भूमिकेचा प्रयोग अथेन्सने पाहिला होता. इ.स.पू. ४०४ मध्ये ज्या तीस जणांनी सत्ता बळकावली, त्यांचा म्होरक्या क्रिटियास हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ आणि एके काळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला. ग्लॉकॉनचा तो न ऐकणारा मामा चार्मिडीज याच राजवटीत सामील झाला आणि तिच्या बाजूने लढताना मारला गेला. हे लोकही शहराला चोख औषध देण्याच्याच गोष्टी करीत होते. याउलट अथेन्सच्या लोकशाहीने अधिकाऱ्याच्या आत्म्याची परीक्षा घेण्याचा आव आणला नाही. पदावर येण्याआधी त्याची छाननी आणि पद सोडताना हिशेबतपासणी, जीत कोणताही नागरिक उभा राहून तक्रार करू शकत असे, एवढी साधी व्यवस्था तिने ठेवली. खरा नेता कोण याचे उत्तर न मिळताही माणसे सुरक्षित राहू शकतात, हा शोध मला तत्त्वज्ञांच्या शोधांपेक्षा मोठा वाटतो.

प्रतिसाद : ओहोळ

सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. चांदीच्या खाणींचा उल्लेख मूळ लेखात येऊन गेला आणि कोणीही तिथे थांबले नाही, म्हणून हे लिहीत आहे. लॉरियनच्या त्या खाणींत गुलाम राबत होते. सॉक्रेटिस ग्लॉकॉनला खाणींचे उत्पन्न का घटले हे विचारतो आणि ती जागा प्रकृतीला वाईट आहे असे म्हणतात, म्हणून तू गेला नसशील, असे म्हणून पुढे जातो. त्या वाईट हवेत आयुष्य काढणाऱ्या माणसांचा प्रश्न तिथे निघत नाही. आचारी आणि पंगत या चर्चेत पंगतीला कोण बसले होते, स्त्रिया आणि गुलाम कुठे होते, हे सांगितल्याशिवाय ॲरिस्टॉटलचा दाखलाही अपुरा राहतो; गुलामगिरीला निसर्गाचा आधार देणारा तोच होता.

प्रतिसाद : खलाशी

ओहोळ यांच्या मुद्द्यावर वाद घालण्यासारखे काहीच नाही. तो मनाशी ठेवूनच पुढे लिहितो.

खरा आणि खोटा नेता असे दोन कप्पे करण्याची पद्धतच मला अपुरी वाटते आणि याबाबत प्लेटोपेक्षा ॲरिस्टॉटल अधिक डोळसपणे पाहतो. 'रिपब्लिक'च्या आठव्या खंडात जुलमी सत्ताधारी कसा उगवतो, याचे वर्णन भेदक आहे. तो लोकांचा कैवारी म्हणून पुढे येतो, सुरुवातीला भेटेल त्याच्याकडे पाहून हसतो, कर्जमाफीची आणि जमीनवाटपाची वचने देतो, जिवाला धोका आहे म्हणून अंगरक्षक मागतो आणि मग लोकांना नेत्याची गरज भासत राहावी म्हणून एकामागून एक युद्धे उकरून काढतो. पुढे अथेन्सचा हुकूमशहा झालेल्या पिसिस्ट्रॅटसने स्वतःला आणि आपल्या खेचरांना जखमा करून घेऊन अथेन्सच्या लोकांकडून सोटेधारी रक्षक मिळवले होते, हे हेरोडोटसने सांगितले आहेच.

पण खोटा नेता सत्तेवर आलाच, तर पुढे काय? ॲरिस्टॉटल दोन मार्ग सांगतो. एक नेहमीचा: डोके वर काढणाऱ्यांना छाटायचे, एकत्र जेवणे आणि जमणे बंद करायचे, हेर पेरायचे, लोकांना एकमेकांवर विश्वास ठेवू द्यायचा नाही. दुसरा मार्ग राजासारखे वागण्याचा: सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायचा, उधळपट्टी टाळायची, कोणाची विटंबना करायची नाही, मालक न दिसता विश्वस्त दिसायचे. अशा रीतीने वागणाऱ्याची सत्ता जास्त टिकते आणि तो स्वतःही पुरता दुष्ट न राहता अर्धाच दुष्ट राहतो, असे तो म्हणतो. खोट्या नेत्याला खऱ्यासारखे वागणे भाग पाडता येते, ही शक्यता 'गॉर्जियास'मध्ये कुठेच नाही. मला ती फार मोलाची वाटते, कारण वाईट राज्याखाली जगणाऱ्यांना त्यातून काही हाती लागते.

उत्तर : आम्रपर्ण

शुक्रचांदणी यांनी दाखवलेला धोका प्लेटोला दिसला नव्हता, असे मात्र नाही. उतारवयात लिहिलेल्या 'लॉज'मध्ये तो स्पष्ट म्हणतो की ज्याला कोणाला जाब द्यावा लागत नाही अशी सत्ता हाती आली, तर मनुष्यस्वभाव लोभाकडे आणि स्वार्थाकडे ओढला जाणारच, म्हणून कायदा हा धनी आणि अधिकारी हे त्याचे सेवक असले पाहिजेत. अधिकाऱ्यांचे हिशेब तपासणारे तपासनीस तो नेमतो आणि त्या तपासनीसांवरही खटला भरण्याची सोय ठेवतो. अथेन्सच्या लोकशाहीकडून त्याने हे घेतले, हे मी आनंदाने मान्य करतो. तरीही तपासनीसाला हिशेबात चोरी सापडेल; चोरी न करता शहराला भलत्या वाटेने नेणारा नेता त्याला कसा सापडणार? इ.स.पू. ४१५ मध्ये आल्किबायडीज या पुढाऱ्याने सिसिली बेटावरच्या मोहिमेची भुरळ घातली, तेव्हा कोणत्याही वहीत खोट नव्हती. लोकांना हवे होते तेच तो बोलत होता. मोहिमेला विरोध करणाऱ्या निकियास या सेनापतीने तिचा अवाढव्य खर्च सांगून त्यांना घाबरवायला पाहिले, तर त्यांनी मोहीम आणखी मोठी केली आणि शेवटी ती पुरती बुडाली. तिथे पंगतीला बसलेल्यांची चव कामाला आली नाही. इतकेच नव्हे, तर लोकसमूहाच्या शहाणपणाचे हे म्हणणे प्रत्येक लोकसमूहाला लागू पडेलच असे सांगता येत नाही, अशी पुस्ती ॲरिस्टॉटलने स्वतः जोडली आहे.

प्रतिसाद : शुक्रचांदणी

सिसिलीचे उदाहरण मला नाकारता येत नाही. पण 'लॉज'मधले ते तपासनीस निवडायचे कसे, तेही वाचावे. सर्व नागरिकांनी एकत्र जमून, पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सर्व दृष्टींनी उत्तम कोण वाटतो त्याचे नाव द्यायचे आणि ज्यांना जास्त मते पडतील ते पुढे जायचे, अशी पद्धत प्लेटो घालून देतो. म्हणजे सद्गुणी माणूस ओळखण्याचे काम तो शेवटी सामान्य नागरिकांच्या मतावर सोपवतो. 'गॉर्जियास'मध्ये ज्यांना वैद्य आणि आचारी यांतला फरक कळत नव्हता, त्यांना आता तो कळतो, असे त्याने कशाच्या बळावर धरून चालावे?

उत्तर : आम्रपर्ण

शिक्षणाच्या बळावर. त्याच ग्रंथाच्या सातव्या खंडात तो प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला, आईवडिलांची इच्छा असो वा नसो, शिक्षण सक्तीचे करतो आणि कायद्यांच्या आधी त्यांची कारणे समजावून सांगणाऱ्या प्रस्तावना लिहितो, म्हणजे नागरिकांनी हुकूम म्हणून न पाळता पटवून घेऊन पाळावे. अशा रीतीने वाढलेला नागरिक मत देतो आणि पेरिक्लिसच्या अथेन्समधला नागरिक मत देत होता, यात प्लेटोला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. माळरान म्हणतील की न्यायासनावर बसणे हेच अथेन्सच्या गरिबाचे शिक्षण होते. ते मत दुबळे नाही, आणि त्यावर त्यांनी सविस्तर लिहावे अशी माझी विनंती आहे.